गुणाबाईच्या सात्यांवर पडलेला रोग

घरामागच्या मांडवात शिरून गुणाबाईने धानाच्या भिजलेल्या तणसाच्या थप्पीवरचं ओलं पोतं उचललं आणि ती किंचाळली. इतक्या मोठ्याने, की अंगणात दातण करत बसलेला तिचा नवरा मुखरू काठी न घेताच लंगडत मागे धावला. साप निघाला असेल असं त्याला वाटलं. पण साप पाहून किंचाळणारी बाई ती नव्हती. धानाच्या बांधीत किती साप तिने विळ्याच्या टोकाने बाजूला सारले होते.

"अजी, पाहा ना इथी. हे का होय?"

मुखरूने वाकून पाहिलं.

रोवणीच्या घाईत दोन-तीन दिवस तिने पोतं उचललं नव्हतं. एव्हाना थप्पीच्या कडेने सात्या, म्हणजे खायच्या अळंब्या, वर यायला हव्या होत्या, कोंबडीच्या अंड्यासारख्या गोल, राखाडी, गुळगुळीत. त्यांच्या जागी वेडेवाकडे गोळे आले होते. ना टोपी, ना देठ. बकऱ्याचा भेजा काढून ठेवावा तसे सुरकुतलेले, अंगभर पांढरी लव. आणि त्या लवेतून घाम फुटावा तसे थेंब पाझरत होते. काही थेंब मधासारखे पिवळे, काही सुकत आलेल्या रक्तासारखे. वास असा, की मुखरूने नाकाला धोतराचा सोगा लावला.

"रगत येऊन राह्यलं जी याच्यातून," गुणाबाई पुटपुटली.

"रगत नोहे," मुखरू म्हणाला.

पळसबोडी हे सिंदेवाहीकडचं गाव. देशाला स्वातंत्र्य मिळून सातआठ वर्षं झाली होती. चांदा जिल्ह्यातल्या त्या भागात धान पिकवावं, बोडीतले मासे धरावे, जंगलातून मोहफुलं आणि तेंदूची पानं आणावी, असंच सगळ्यांचं चालायचं. गुणाबाईचंही तसंच होतं. पण तिची ओळख झाली ती सात्यांमुळे. पावसाळ्यात वारुळांवर आपोआप उगवणाऱ्या सात्या सगळेच खात. घरी, मांडवात, ठरवून सात्या पिकवणारी त्या मुलखातली पहिली बाई मात्र तीच होती.

ही विद्या मुखरूने आणली होती. लढाईच्या काळात तो मजूर म्हणून ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर रस्ते बांधायला गेला. तिथे दरड अंगावर येऊन त्याचा पाय मोडला आणि एका खेड्यात त्याला बराच काळ पडून राहावं लागलं. त्या घरची माणसं धानाचं तणस भिजवून त्याच्या थप्प्या रचत आणि त्यातून सात्या काढत. पडल्यापडल्या मुखरू ते बघत राहिला. घरी आला तेव्हा त्याला चिखलात उभं राहणं जमेना. रोवणी नाही, नांगर नाही. वर्षभर तो ओसरीवर गप्प बसून असायचा. एका पावसाळ्यात मागच्या अंगणातल्या सडक्या तणसात गुणाबाईला चार राखाडी अंडी दिसली. तिने ती त्याच्यापुढे आणून धरली, आणि हा माणूस बसल्या जागेवरून उठला.

"हेच होय! तिकडं हेच काढत होते!"

तो सांगत गेला, ती करत गेली. तणसाच्या पेंढ्या रात्रभर बोडीत भिजवायच्या, बांबूच्या माचीवर आडव्याउभ्या रचायच्या, दर थराच्या कडेला जुन्या, पांढरे धागे धरलेल्या तणसाचे तुकडे ठेवायचे आणि वर तुरीची चुनी भुरभुरायची. पहिल्या दोन थप्प्या सडून गेल्या. तिसरीला अंडी आली तेव्हा मुखरू लहान पोरासारखा हसला. लढाईवरून आल्यापासून गुणाबाईने त्याला हसताना पाहिलं नव्हतं. म्हणूनच ती पुढे कधी थांबली नाही. बाजारात सात्या विकल्या जात ते ठीकच, पण तिला तो हसरा माणूस घरात हवा होता.

ते पांढरे धागे धरलेलं तणस म्हणजे तिचं विरजण. दह्याचं विरजण शेजारणीला द्यावं तसं ती ते मागेल तिला देई. शेजारच्या रुखमाबाईला दिलं. नदीपल्याड, जंगलातल्या कोसंबटोल्याच्या सोमारीला दिलं. सोमारी माडिया गोंडांच्या घरातली, गुणाबाईच्याच वयाची. बाजारात मोहफुलं घेऊन बसायची, तिथे दोघींची गट्टी जमली होती. एकमेकींच्या घरच्या सुखदुःखाला त्या पायी जात. सात्यांचा मांडव घालायला सोमारीने आपल्या अंगणातला कोपरा दाखवला तेव्हा गुणाबाईने स्वतः दोन दिवस तिथे राहून पहिली थप्पी रचून दिली होती.

असं सगळं चांगलं चाललेलं असताना हे गोळे आले.

मुखरू म्हणाला, "उपडून फेक. एखादी थप्पी बिघडते कधी."

गुणाबाईने विळा घेतला आणि एकेक गोळा खरवडून काढला. लव बोटांना चिकटली, थेंब मनगटावर ओघळले. मग तिने बोडीतून घागर भरून आणली आणि ती थप्पी वरून खालपर्यंत धुऊन काढली. धुतलेलं पाणी शेजारच्या थप्पीवर उडालं, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. घाण धुऊन टाकावी, एवढंच तिला कळत होतं. त्याच विळ्याने तिने पुढच्या थप्पीवरच्या चांगल्या सात्या कापल्या.

आठवड्याभरात सगळ्या थप्प्यांवर गोळे आले.

आता ती किंचाळली नाही. मांडवाच्या मधोमध उभी राहून नुसती पाहत राहिली. चारही बाजूंनी ते बिनचेहऱ्याचे गोळे, आणि प्रत्येकाच्या अंगावर तो लाल घाम. तिला वाटलं, आपल्या घरात दुसऱ्याच कुणाचं तरी काहीतरी वाढतंय. हात लावावा तर शिसारी येई, न लावावा तर डोळ्यांदेखत वाढत होतं.

रुखमाबाई कुंपणावरून डोकावली आणि तिने पदर तोंडात धरला.

"अवो माय! गुणाबाई, हे साधं नाई. मातामायले काही चुकलं तुझ्याकडून?"

गुणाबाईने गावाबाहेरच्या मातामायला नारळ फोडला. शेंदूर लावला. काही फरक पडला नाही. गावात मात्र बोभाटा झाला, की गुणाबाईच्या सात्यांना रक्त फुटतं. बाजारात तिच्या टोपलीसमोरून लोक लांबून जाऊ लागले. नेहमीची गिऱ्हाईकं नजर चुकवू लागली. ज्यांनी मागच्याच बाजारात "माह्यासाठी बाजूले ठेव" म्हटलं होतं, तीच माणसं.

मग एका दुपारी रुखमाबाई धावत आली. तिच्याही थप्पीवर गोळे आले होते. मागच्या आठवड्यात गुणाबाईनेच आपल्या विळ्याने तिच्या सात्या कापून दिल्या होत्या.

गुणाबाई तशीच उठली. आपल्यामुळे शिकलेली बाई, आपणच निस्तरून दिलं पाहिजे, असं तिला वाटलं. ती आपला विळा घेऊन गेली, रुखमाबाईचे गोळे खरवडून काढले, थप्पी धुऊन दिली. गावात आणखी दोन घरी मांडव होते. तिथे अजून काही आलेलं नव्हतं, तरी तिने जाऊन हात घालून एकेक थर चाचपून पाहिला. कुठे मऊ लागतं का, कुठे वास येतो का. त्या दोन्ही घरच्या बायांनी तिला चहा पाजला आणि देवमाणूस म्हटलं.

घरी येऊन ती मुखरूला म्हणाली, "आपलं विरजणच खराब झालं वाटते जी. मी सोमारीकडून चांगलं आणतो."

ती कोसंबटोल्याला गेली. नदीला पाणी होतं, डोंग्यातून उतरून पुढचा रस्ता चिखलाचा. सोमारीच्या मांडवात शिरली आणि तिचे डोळेच निवले. सगळ्या थप्प्या निरोगी, अंडी एकाला एक लागून. तिने मोहाने एकेकीला हात लावून पाहिलं. सोमारी हसत होती. "घे बाई, लागल ते घे. तुह्याच हातचं होय हे." गुणाबाईने पांढऱ्या धाग्यांचं तणस पानांत बांधून घेतलं, आणि जाताजाता सवयीने चार थर सारखे करून दिले.

पळसबोडीत तिने नवी थप्पी रचली. जुन्याच मांडवात, जुन्याच माचीवर. त्या थप्पीलाही पहिलं फळ आलं ते गोळ्याचं.

आणि थोड्याच दिवसांनी सोमारी आली. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. अंगणात उभी राहून तिने डोक्यावरची टोपली उतरवली आणि वरची पळसाची पानं बाजूला केली. आत तेच. भेज्यासारखे गोळे, पांढरी लव, लाल थेंब.

"माह्याकडंबी आलं," सोमारी म्हणाली. मग म्हणाली, "बाई, तू आली तवा एकबी नव्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त जे झालं ते सांगत होती. गुणाबाईने मुखरूकडे पाहिलं. मुखरूने मान खाली घातली. तिकडे ब्रह्मदेशात त्याने असं काही पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"सिंदेवाहीच्या फारमावर नेऊ," तो म्हणाला. "धानाले रोग पडला का तेच लोक पाहतात."

दुसऱ्या दिवशी दोघी बाया गोळे पानांत बांधून सरकारी धान फारमावर गेल्या. तिथे गुणवंतराव नावाचे एक साहेब होते, धानाच्या रोगांचं काम पाहणारे. चष्मा लावलेला, चपलांना चिखल लागलेला माणूस. त्यांनी पुडी सोडली आणि पटकन मागे सरकले. मग टेबलावर कागद पसरला, हातात भिंग घेतलं आणि वाकून बघत राहिले.

"साहेब, रगत होय का हे?" सोमारीने विचारलं.

"रक्त नाही. पाणीच आहे, सडल्यामुळे रंग आलेला. पण बाई, मी खरं सांगतो, सात्यांचं मला काही कळत नाही. मला धानाचं कळतं. एवढं मात्र दिसतंय की ही बुरशी आहे."

"बुरशी? कायले लागली बुरशी?"

"सात्यांना." त्यांनी गोळ्याकडे बोट केलं. "म्हणजे बघा, तुमच्या सात्याही बुरशीच्याच जातीच्या. भाकरीवर येते ना, तिच्या भाऊबंदांतल्या. फक्त ह्या खायच्या. आणि त्यांच्यावर ही दुसरी बुरशी बसली. तिने ह्यांना आतून धरलं, आणि टोपी, देठ काही होऊच दिलं नाही."

गुणाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने लोकांना बुरशी खाऊ घातली होती? आणि त्या बुरशीला खाणारी आणखी एक बुरशी? तिला वाटलं साहेब थट्टा करतात. पण ते हसत नव्हते. त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. तिने एक डोळा मिटून पाहिलं. साध्या डोळ्यांना जी लव दिसत होती ते जंगल होतं. बारीक पांढऱ्या काड्यांचं दाट जंगल, आणि मधे मधे चमकणारे थेंब. तिने भिंग खाली ठेवलं.

"यंदा काही वेगळं केलं होतं का?" गुणवंतरावांनी विचारलं.

तिला आठवलं. उन्हाळ्याच्या अखेरीस थप्पीला जोर यावा म्हणून तिने जंगलातल्या वारुळापाशी, मागच्या वर्षीच्या सात्या सडल्या होत्या तिथली माती आणून थरांवर टाकली होती.

"तिथून आली असेल. नसेलही. ते मी ठामपणे सांगू शकत नाही. पण पसरली कशी ते सांगता येईल. धानाचा रोगही असाच पसरतो. पाण्याच्या शिंतोड्यांनी, माशांनी, हत्यारांनी. आणि हातांनी. रोगट थप्पीला हात लावून चांगल्या थप्पीला हात लावला, की गेलीच ती. कोण हाताळत होतं हे सगळीकडे?"

सोमारी गुणाबाईकडे पाहत नव्हती. मुद्दामच पाहत नव्हती.

गुणाबाईच्या डोळ्यांपुढून घरं सरकत गेली. रुखमाबाईच्या थप्पीवर तिचाच विळा फिरला होता. चहा पाजणाऱ्या दोघी, त्यांच्या थरांत तिने कोपरापर्यंत हात घातला होता. सोमारीचा मांडव, एकाला एक लागलेली ती अंडी, आणि त्यांच्यावरून फिरलेला तिचा हात. जिथे जिथे ती मदतीला धावली होती, तिथे तिथे तीच ते घेऊन गेली होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. दुसऱ्या कुणाचे हात असावेत तसे ते तिला जड झाले.

"मीच नेलं ना जी साहेब? सगळ्यायच्या घरी मीच नेलं?"

गुणवंतराव गडबडले. "तुम्हाला माहीत नव्हतं."

"पन मीच नेलं."

"हो," ते हळू म्हणाले.

त्यांनी उपाय सांगितला. सगळं तणस, सगळं विरजण जाळून टाका. मांडव मोडा, माचीला चुना फासा. नवं तणस उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय रचू नका. आणि विरजण पुन्हा एकमेकींना देऊ नका. हे सगळं धानावरून आपण अंदाजाने सांगतोय, हेही त्यांनी सांगितलं.

परतीच्या वाटेवर फाट्याशी दोघी थांबल्या. इथून सोमारीचा रस्ता वेगळा होत होता. गुणाबाई म्हणाली, "मी येतो तुह्यासंगं. जाळाले मदत करतो."

सोमारी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "नोको."

"सोमारे..."

"नोको येऊ बाई. माह्या मांडवात आता पाय नोको टाकू. माह्या सासऱ्याले मी सांगीन. मीच जाळतो."

असं म्हणून ती भराभरा चालू लागली. वळून तिने पाहिलं नाही. आपल्यासारख्या परक्या बाईला जंगलातल्या घरात पहिल्यांदा पाट मांडून जेवू घालणारी ही सोमारी. तिने आज आपल्याला वाटेवरून परत पाठवलं, यावर गुणाबाईचा विश्वास बसेना. ती तिथेच एका दगडावर बसून राहिली. मुखरू काळजीने अर्ध्या वाटेपर्यंत शोधत आला, तेव्हा ती अजून तिथेच होती.

"तिचं बरोबर होय," मुखरू म्हणाला. "तिनं तुले तोडलं नाई. रोगाले तोडलं."

घरी आल्यावर गुणाबाईने चुन्याच्या पाण्यात हात बुडवून ठेवले, कातडी आग आग होईपर्यंत. मग स्वतःचा मांडव उसकटला आणि परसात ढीग रचला. ओलं तणस पेटेना. रॉकेल शिंपडून पेटवलं तेव्हा काळा धूर गावावर पसरला. मुखरू ओसरीवर बसून होता. आता हा माणूस पुन्हा गप्प होणार, या भीतीने ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. थोड्या वेळाने तो उठला, काठी टेकत आला आणि मांडवाची बांबूची माची मोडून एकेक बांबू आगीत टाकू लागला.

मग ती गावातल्या तिन्ही घरी गेली. अंगणातच उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. "माह्या हातानं आला रोग. जाळून टाका," एवढंच तिने सांगितलं. ज्या दोघींनी चहा पाजला होता त्यांच्यातली एक रडली, पण दोघींनी जाळलं. रुखमाबाई भडकली.

"वा वा! आमी जाळावं, आन् बाजारात तू एकटी बसावं, असं होय का?"

"माह्या घरचा धूर पाह्यला ना तुमी, बाई?"

"पाह्यला. मागच्या दारानं का ठेवलं ते मले का मालूम?"

रुखमाबाईने जाळलं नाही. तिची थप्पी महिनाभरात काळा चिखल होऊन ओघळली आणि तिच्या गुरांच्या कोठ्यापर्यंत वास गेला. तेव्हाही ती गुणाबाईशी बोलली नाही.

त्या हंगामात पळसबोडीत कुणाच्या घरी सात्या आल्या नाहीत. बाजारात गुणाबाई रानभाजी घेऊन बसे. सोमारी मोहाची टोपली घेऊन लांब, दुसऱ्या टोकाला बसू लागली. पण दिवाळीनंतर एकदा ती स्वतः येऊन गुणाबाईच्या शेजारी बसली. मग सोमारी म्हणाली, "सासरा म्हणते, पुढच्या पावसाळ्यात तणसाच्या गंजीत आपोआप निघल ते विरजण धरू. बाहेरचं नोको." गुणाबाईने मान हलवली. तिला रडू आलं, पण बाजारात रडायची तिला लाज वाटली.

पुढच्या पावसाळ्यात गुणाबाईच्या परसातल्या जुन्या गंजीत मोजकीच अंडी निघाली. तिने तणस मोठ्या हंड्यात उकळून घेतलं, वेगळ्या जागी नवा मांडव घातला, आणि दाराशी चुन्याच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. आधी हात बुडवायचे, मग आत. मुखरूलाही तोच नियम. पहिलं पोतं तिने कडेने हळूच उचललं. खाली स्वच्छ, राखाडी अंडी होती. तिने पोतं पुन्हा झाकलं आणि पुन्हा उचललं. आनंदाने नव्हे, चांगलं निघालं यावरच तिचा विश्वास बसत नव्हता. पुढे कितीतरी वर्षं पोतं उचलताना तिचा हात क्षणभर अडे.

त्याच पावसाळ्यात रुखमाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. काही मागायला आलेल्या माणसासारखी.

"गुणाबाई, थोडं विरजण..."

"देनार नाई, बाई," गुणाबाई म्हणाली. रुखमाबाईचा चेहरा पडला. "कोनालेच देत नाई मी आता. तुमच्या मागच्या गंजीत हात घाला. खालच्या अंगाले, जिथी ओल होय तिथी. निघल."

रुखमाबाई जागची हलली नाही. "मले सापडत नाई. तू येऊन पाह्य ना."

"येत नाई. इथूनच सांगतो. जा, गंजी उसकटा."

आणि ती कुंपणाच्या अलीकडे, बाभळीखाली बसली. पलीकडे रुखमाबाई गंजीत वाकली. "अजून खाली. तिथी नाई, डाव्या हाताले. वास घ्या. चांगला येते का? मंग तिथीच." दुपार होईपर्यंत त्या तशाच होत्या, एक सांगत आणि एक उकरत. मुखरूने मधे दोघींना ताक आणून दिलं. रुखमाबाईचा पेला त्याने कुंपणावर ठेवला आणि मागे सरकून उभा राहिला.